तारीखरावांचा गळलेला वार

तारीखरावांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच पडून असायचं. एरवी सगळे त्यांना तारीखरावच म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यात त्यांना मान वाटायचा. मला ते तिकीटबाई म्हणत. मला त्यात कसलाही मान वाटत नसे. पण नऊ वर्षं समोरासमोर टेबलं लावून बसल्यावर माणूस कशालाही ओ देतो.

आमची कचेरी म्हणजे आमच्या खंडाच्या फुटबॉल महासंघाची. नाव मोठं, जागा तिसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्याचं दुकान, लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद. आमच्या खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडली की कागद उडतात म्हणून तीही बंद. कुणीतरी एकदा भिंतीवर पाच देशांची पाच घड्याळं लावायचा घाट घातला होता. तारीखरावांनी तो हाणून पाडला. म्हणाले, "पाच घड्याळं लावली की माणूस पाच ठिकाणी चुकतो." ही गोष्ट खिशात फोन येण्याआधीची आहे. फॅक्सच्या यंत्रातून कागद बाहेर येईपर्यंत नुसती वाट बघायची, असा तो काळ.

लोकांना वाटतं, सामने खेळाडू खेळतात. खेळतात, पण आधी कुणीतरी त्यांना एका मैदानात, एका दिवशी, झोप झालेल्या डोळ्यांनी आणून उभं करावं लागतं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत शेवटी एखादी जागा अशी उरते, की तिच्यावर कुठल्याच खंडाचा धड हक्क नसतो. मग आमच्या खंडातला एक संघ आणि दुसऱ्या खंडातला एक संघ. एक सामना त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, दोन्ही मिळून ज्याचे गोल जास्त तो पुढे. ऐकायला सोपं. पण त्यांचा गोलरक्षक तिसऱ्याच खंडातल्या क्लबकडून खेळतो आणि क्लब त्याला नऊ दिवसांच्या वर एक तास सोडत नाही. तिकडे उन्हाळा, इकडे कडाक्याची थंडी. विमान आठवड्यातून दोनदा. शिवाय दुसरा सामना आपल्याच घरी व्हावा म्हणून दोघेही अडून बसलेले. या सगळ्या गुंत्यातून तारीख काढायची, हे तारीखरावांचं काम. अठ्ठावीस वर्षं ते करत होते आणि एकही तारीख चुकली नव्हती. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत, पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर "छे छे" असंही म्हणत नसत.

त्यांच्या दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे पाहुण्यांची झोप. लांबून आलेल्या संघाला उतरल्यावर निदान दोन रात्री मिळाल्या पाहिजेत. नाही मिळाल्या तर सामना दुसऱ्या दिवशी, राखीव दिवसावर ढकलायचा. हा नियम त्यांनी साहेब लोकांशी तीन वर्षं भांडून पुस्तकात घालून घेतला होता. दुसरी खोडी लाल पेन्सिलीची. मी प्रवासाचा तक्ता केला, की तो आधी त्यांच्या टेबलावर जायचा. विमान जिथे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतं, तिथे ते लाल रेघ मारायचे आणि बाजूला लिहायचे, 'इथे एक वार गळतो'. मंगळवारी बसलेला माणूस चोवीस तासांनी उतरतो, तेव्हा त्याच्या हिशेबाने बुधवार असतो आणि जमिनीवर गुरुवार. शाळेच्या भूगोलात हे असतं. मी त्यांना एकदा म्हटलंही, "अहो, हे मला कळतं, दर वेळी काय गिरवताय?" तर म्हणाले, "कळत सगळ्यांनाच असतं, बाई."

आता त्यांच्या दादाबद्दल सांगते, कारण गोष्ट त्याचीच आहे.

वडील गेले तेव्हा तारीखराव जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका बेटावर मैदान तपासायला गेले होते. मी तेव्हा नोकरीला लागले नव्हते. घरून फोन आला, त्यांनी उलट कळवलं, "थांबा, मी येतोय." आणि थोरल्या भावाने न थांबता अंत्यविधी उरकून टाकला. हे पोचले, तर वडिलांची खाट रिकामी. दारातच दोघांची जुंपली. तेव्हापासून अकरा वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता. वहिनी तेवढी अधूनमधून पत्र टाकायची.

ही हकिगत मी चहाबरोबर दर वर्षी ऐकत आले. "एक दिवस," तारीखराव बोट वर करून म्हणायचे, "एक दिवस थांबला नाही माझ्यासाठी." माझ्या नाकावर राग असतो, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. न पाहिलेल्या त्या माणसाचा मला इतका राग यायचा, की तो समोर आला असता तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला असता.

त्या वर्षी सोडत निघाली आणि आमच्या खंडातल्या संघाशी, म्हणजे नेमक्या आमच्याच देशाच्या संघाशी, गाठ पडली त्या बेटाची. पहिला सामना तिकडे, दुसरा इथे, आमच्या शहरात. अध्यक्ष खूश, शिपाई खूश, चष्मेवालासुद्धा वर येऊन पेढे मागून गेला. तारीखराव मात्र गप्प झाले. मी म्हटलं, थंडी बाधली असेल.

तिकडे जायचे मार्ग शोधायला मी जुनी फाईल काढली. त्या बेटावर आमच्या कचेरीतून आजवर एकच माणूस गेला होता. त्याच्या परतीच्या तिकिटाची कार्बन प्रत फाईलला टाचलेली होती. निघणं मंगळवार सकाळ, पोचणं गुरुवार सकाळ, दोन्ही वार स्पष्ट छापलेले. आणि त्याच्या मागे, घरी काय कळवायचं त्याचा कच्चा मजकूर, तारीखरावांच्या टपोऱ्या अक्षरात: 'उद्या निघतो. बुधवारी सकाळी पोचतो. तोवर थांबा.'

मी तो कागद तीनदा वाचला. दादा थांबला होता. बुधवारची सकाळ, दुपार, संध्याकाळ. ज्या वारी येतो म्हणाले त्या वारी हे विमानात होते.

मला आत एक बाहेर एक ठेवता येत नाही. मी तो कागद त्यांच्या टेबलावर आपटला. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागदाला हात लावला नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"विमानातच," ते म्हणाले. "हवाईसुंदरीने सांगितलं, घड्याळं पुढे करा, आज गुरुवार आहे. तेव्हा."

"म्हणजे दारात भांडलात, तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मग भांडलात कशाला?"

"तो म्हणाला, तू सांगितलेल्या दिवशी आला नाहीस. सगळ्यांसमोर म्हणाला, बाई. सगळे माझ्याकडे बघत होते. मी जगाला तारखा देणारा माणूस. मला नाही सांगता आलं. एकदा नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड. मग महिना गेला. मग वर्ष."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी चहा मागवावासा वाटला. चहा मागवला. मग त्यांनी खिशातून वहिनीचं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. आठवडाभर ते तिथेच घेऊन फिरत होते. दादाचं हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, आता जे दिवस मिळतील ते आपले, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: 'हे तुमची आठवण काढतात. रागाने नाही काढत.'

"जा आणि सांगा," मी म्हटलं.

"जाणार. सांगणार."

"कधी?"

"एवढा दुसरा सामना आटपला, की लगेच. शनिवारी सामना, रविवारी सकाळची बस." माझ्यासमोर त्यांनी फोन फिरवला. "वहिनी, दादाला सांगा, मी रविवारी येतोय." पलीकडून ती काय बोलली कोण जाणे. यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ फोनवरचा हात काढला नाही. मला बरं वाटलं. दादाला पाहायला आता मीही उत्सुक झाले होते.

पहिला सामना तिकडे एक-एक असा सुटला. तिकडून निघालेले पाहुणे गुरुवारी सकाळी आमच्याकडे उतरायचे होते. मध्ये एका विमानतळावर धुकं पडलं आणि ते दीड दिवस तिथेच अडकले. खुर्च्यांवर झोपले, बिस्किटं खाल्ली, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाय ओढत आमच्या शहरात आले. मी त्यांना घ्यायला गेले होते. त्यांचा कर्णधार सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या डुलक्या घेत होता.

अध्यक्षांना आनंद लपवता येईना. "शनिवारीच खेळवायचं," ते म्हणाले. "तिकिटं विकली गेलीत. धुकं काय आपण पाडलं?"

तारीखराव नियमाचं पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत गेले. दार लोटलं होतं तरी आवाज जिन्यापर्यंत येत होता. स्वतःच्या देशाचा संघ, आणि हा बाबा पाहुण्यांच्या झोपेसाठी घसा फोडतोय, म्हणून लेखनिक हसत होते. तासाभराने ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. सामना रविवारवर गेला होता.

"छान झालं," मी म्हटलं. "आता तुम्ही उद्या सकाळच्या बसने निघा. एक दिवस आधीच पोचाल. इथलं मी बघते."

"मी गेलो, की हे त्यांना शनिवारीच मैदानात उतरवतील. तुम्हाला ऐकणार नाहीत."

ते खरं होतं. त्या खोलीत मला कुणी खुर्चीसुद्धा दिली नसती.

"मग फोन तरी करा. रविवारऐवजी सोमवार म्हणून कळवा."

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "त्या घराला मी पुन्हा एकदा तारीख बदलून सांगू?" म्हणाले. "नको. सरळ जाऊन दारात उभा राहतो. एका दिवसाने काय होतंय?"

या वाक्यावर मी काहीच बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. एरवी ज्यात त्यात तोंड घालणारी मी. नंबर माझ्यासमोर होता, मी स्वतः फोन करू शकले असते. त्यांच्या घरातली गोष्ट, म्हणून मूग गिळून बसले.

रविवारी पाहुणे ताजेतवाने होऊन मैदानात आले आणि आम्हाला दोन गोल घालून गेले. आमचा संघ बाहेर. लोक खुर्च्या लाथाडत घरी गेले, अध्यक्षांनी तारीखरावांकडे बघितलंही नाही. सामना चालू असताना ते मैदानावरच्या कचेरीच्या छोट्या खोलीत कपड्यांची बॅग पायाशी घेऊन बसले होते. दादाच्या गावाची शेवटची बस दुपारीच सुटून जायची. मी त्यांना विचारलं, "सोबत येऊ का उद्या?" ते म्हणाले, "या." एरवी ते कुणाची सोबत घेणारे नव्हते.

सोमवारी सकाळची पहिली बस. सहा तासांचा रस्ता, खिडकीची काच खडखडत होती. तारीखराव मांडीवर पाठकोरा कागद घेऊन दादाशी काय बोलायचं त्याचा मसुदा करत बसले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकमेकांशी न बोलणाऱ्या देशांना पत्रं लिहिली होती, तीच सवय. पहिल्या मसुद्यात 'सदर प्रसंगी' होतं. ते मी खोडलं. दुसऱ्यात होतं, 'दादा, चूक माझी होती, परंतु त्या वेळी परिस्थिती...'

"परंतु काढा," मी म्हटलं.

"का?"

"परंतु आला, की माफी संपते."

त्यांनी खोडलं. मग परिस्थिती खोडली. शेवटी कागदावर चारच शब्द उरले: दादा, चूक माझी होती. एवढं म्हणायला त्यांना अकरा वर्षं आणि सहा तास लागले. कागदाची चार वेळा घडी करून त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली आणि घाटाच्या वळणावर मला म्हणाले, "लहानपणी शाळा सुटली, की तो फाटकाशी उभा असायचा. माझं दप्तर आवरायला वेळ लागायचा. पण तो कधी पुढे निघून गेला नाही."

बस थांब्यापासून घर पाच मिनिटांवर. निळं फाटक, पुढे दोन पायऱ्या. पायऱ्यांवर चपला होत्या. दहा-पंधरा जोड. तारीखराव त्या चपलांकडे बघत फाटकातच थांबले. मी त्यांचा दंड धरला.

शेजारपाजारचे पुरुष अंगणात उभे होते. त्यांच्यातला एक जण, बहुधा आम्ही कोण हे न कळून, दुसऱ्याला वैतागून म्हणत होता, "काल पहाटे गेला माणूस. काल संध्याकाळीच व्हायला हवं होतं सगळं. ही बाई ऐकतच नाही." काल पहाटे. म्हणजे रविवारी. जेव्हा पाहुणे आमच्या शहरात गाढ झोपले होते, तेव्हा.

वहिनी बाहेर आली. बुटकी, पांढऱ्या केसांची, रडून डोळे सुजलेले. मी मनात म्हटलं, आता ही फाडून खाणार, आणि खाऊ दे. पण तिने शेजाऱ्यांकडे वळून एवढंच सांगितलं, "आले. म्हटलं होतं ना मी."

मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "या भाऊजी. आम्ही थांबलोय."

"मी... रविवारी म्हणालो होतो," एवढंच तारीखरावांच्या तोंडून आलं.

"हो. पण ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं. शनिवारीच म्हणाले, मी असलो नसलो तरी धाकट्याची वाट बघा. तो जो वार सांगेल, त्यात एक दिवस जास्त धरा."

अंगणात कुणीतरी खोकलं. तारीखरावांचा हात वरच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"त्याला..." ते म्हणाले. "दादाला ठाऊक होतं?"

"त्याच आठवड्यात कळलं. भांडून तुम्ही तसेच निघून गेलात, कोट इथेच राहिला. मी धुवायला घेतला, तर खिशात तिकीट. ह्यांनी वाचलं, दोन्ही वार वाचले, आणि कपाटात ठेवून दिलं."

"मग एका शब्दाने बोलला का नाही तो मला?"

"मीही तेच म्हणायची. तर म्हणायचे, मी दाखवलं तर तो मेल्याहून मेला होईल. त्याला आपणहून येऊ दे. थांबू."

तारीखराव आत गेले. मी दारातून पाहिलं. ते खाटेशी वाकले, खिशातला कागद काढला, उघडला. चार शब्द वाचायला कागद कशाला लागतो, पण त्यांनी वाचूनच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग कागदाची पुन्हा घडी घातली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून बसले. मला भडभडून आलं. मी फाटकाशी जाऊन रडले, कारण मला चारचौघांत रडलेलं आवडत नाही.

थोड्या वेळाने तो मघाचा शेजारी दारात आला. त्याचा सूर आता खाली आला होता. "तुम्ही धाकटे ना? तुम्हीच सांगा. किती वाजता निघायचं?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. तारीखरावांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी ते उतरवून खाटेच्या कडेला ठेवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "वेळ तुम्ही सांगा. मी थांबतो."